कॅमेरा आपल्या हाती हवा

बौद्ध बंधुभगिनींनो, 'शिकला-सवरलेला मुलगा तीन मिनिटांची मुकी चित्रे काढीत बसतो. यात समाजाचे काय हित?' असे आपण विचारता. १९१३ साली फाळक्यांनी हरिश्चंद्र पडद्यावर आणला. राजाला डोंबाची चाकरी करावी लागली म्हणून त्या कथेत सारे जग रडते. खुद्द डोंबाचे दुःख कोणास दिसते? नागराज मंजुळे यांनी विद्यार्थिदशेत 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. पुढे २०१३ च्या 'फँड्री'त जब्याचा दगड थेट प्रेक्षकांवरच आला! मी पाणवठ्याचे एकच सलग दृश्य घेतो, संगीताविना. कारण संगीत वाजले की प्रेक्षक हळहळतो आणि सुटतो. प्रयोग फसतीलही. परंतु १९५६ साली नागपुरास आपण देव टाकले, मग त्यांच्या कथांची रीत का जपावी? लग्नातल्या बँडवर पैसा ओतणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या भाड्यास उधळपट्टी म्हणू नये.