भाकरी तीच, लोह निराळे

शाळेत आरोग्य तपासणी झाली की आठवी-नववीच्या कितीतरी मुलींच्या कार्डावर 'रक्त कमी' असा शेरा येतो. अम्मीला सांगून बाजरीची भाकरी खा, असे आम्ही त्यांना सांगतो. पण कोणती बाजरी, हे कुणी विचारत नाही.

जमिनीत लोह भरपूर असते, मात्र ते गंजाच्या रूपात, पाण्यात न विरघळणारे. चुनखडीच्या रानात तर ते आणखीच घट्ट बसते. बाजरी, ज्वारी, गहू ही गवताच्या कुळातली पिके मुळांतून एक द्रव्य सोडतात. ते लोहाला धरते आणि मूळ ती जोडी आत ओढून घेते. हे द्रव्य किती सोडायचे आणि आत आलेले लोह दाण्यापर्यंत किती पोचवायचे, हे वाणागणिक बदलते. सोयाबीनमध्येही हेच दिसते. चुनखडीच्या जमिनीत एक वाण पिवळा पडतो, शेजारचा हिरवागार राहतो. यामागे आनुवंशिक कारण आहे, हे अमेरिकेत वाइस यांनी 1943 साली दाखवले. एकाच दस्तरखानावर जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्याच अंगी लागते, तसेच हे.

हा फरक हेरून हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट'ने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साथीने 'धनशक्ती' बाजरी तयार केली. मूळ बियाणे आफ्रिकेतल्या टोगोचे. जास्त लोहाची झाडे निवडत निवडत हा वाण झाला. बाहेरचे जनुक त्यात घातलेले नाही. 2012 साली तो महाराष्ट्रात आला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असते. नव्या बाजरी वाणांसाठी पुढे ठरलेली किमान अट आहे 42.

दाण्यातले लोह अंगी लागते का? आपल्याच राज्यातल्या ग्रामीण भागात 12 ते 16 वर्षांच्या 246 विद्यार्थ्यांना जास्त लोहाची किंवा साधी बाजरी भाकरीतून खाऊ घालून पाहिले. 2015 साली निष्कर्ष छापून आले. चार महिन्यांत जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांच्या शरीरातला लोहाचा साठा अधिक वाढला होता. ज्यांच्यात मुळात लोह कमी होते, त्यांना जास्त फायदा झाला.

भाकरीवर लगेच चहा घेतला तर यातले बरेचसे वाया जाते. लिंबाची फोड मात्र मदत करते.

धनशक्ती संकरित नाही, म्हणून शेतकऱ्याला घरचे बियाणे राखता येते. घरची शेती असेल तर पेरणीआधी अब्बांशी बोला. विकत घेणाऱ्यांनी गावाकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याला वाणाचे नाव विचारावे. दुकानातल्या पोत्यावर ते क्वचितच लिहिलेले असते.