दारुपात्र

गेल्या महिन्यात मी बँकेतील ठेवींच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या शंकांची उत्तरे पुढील अंकात देईन. या वेळी हिशेबाची वही मिटून वाचकांना भिंगारमधील आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेण्याची अनुमती मागतो. शीर्षक वाचून कोणी दचकू नये. संस्कृतात ‘दारु’ म्हणजे लाकूड. देवदाराच्या नावात तोच शब्द आहे. स्थानांग सूत्रात साधु-साध्वींसाठी तीन प्रकारची पात्रे सांगितली आहेत : तुंब्याचे, लाकडाचे आणि मातीचे. त्यांतले मधले ते दारुपात्र.

दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात आमच्या घरी गोचरीसाठी महासतीजी आल्या होत्या. पात्र पुढे झाले तेव्हा त्याच्या काठापासून बुडाकडे गेलेली एक चीर मला दिसली. ती सांधून पात्र वापरात ठेवलेले होते. आयुष्यभर तारण मालमत्तेची पाहणी केलेल्या माणसाची नजर; ती त्या चिरेवरच अडकली. सौ. आहार वहोरावत होती आणि मी मनात पात्राचा व्यास मोजत होतो.

लाकडाचेच पात्र का, हे आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही, कारण लहानपणापासून आपण तेच पाहत आलो. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या दर्शनाला आम्ही नगरला जात असू, तेव्हाही संतांजवळची पालथी घातलेली पात्रे पाहून मला कधी प्रश्न पडला नव्हता. उत्तर आचारांगाच्या पात्रैषणा अध्ययनात आहे. लोखंड, तांबे, चांदी, सोने अशा धातूंच्या मोलाच्या पात्रांना तेथे निषेध केला आहे. माझ्या जुन्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर ज्या वस्तूच्या तारणावर कोणतीही बँक एक रुपया कर्ज देणार नाही, तेवढीच वस्तू जवळ बाळगायची. दिगंबर मुनी तर पाणिपात्र. हाताची ओंजळ हेच त्यांचे भांडे. शौचाच्या पाण्यासाठी ते जो कमंडलू ठेवतात, तो मात्र पुष्कळदा लाकडाचाच असतो.

लाकूड गोल करणे हे कातारी लोकांचे पिढीजात काम. पाळण्याच्या दांड्या, पोळपाटाचे पाय, लाटणी, भोवरे हे सारे त्यांच्या हातचे. लहानपणी जत्रेत एक कातारी मी तासन्‌तास पाहत असे. त्याचा मुलगा दोरी ओढी, लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरे, आणि पुढच्या फेरीत तेवढी पटाशी लाकडाला लागे. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून मी विजेवर चालणारा लहानसा लेथ घेतला, त्यामागे ती जत्रा होती. चार वर्षांत लाटणी, रवी आणि नातवंडांचे भोवरे बरे जमू लागले होते. वाडग्याला मात्र हात लावला नव्हता.

लाटणे आणि वाडगे यांत मोठा फरक आहे. लाटण्यात लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने राहतात आणि हत्यार त्यांवरून सरळ जाते. वाडग्यासाठी ओंडक्याची फळी आडवी धरावी लागते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोनदा तंतूंची कड आणि दोनदा तंतूंची टोके हत्यारासमोर येतात. गोल पटाशीने हे काम करणारे निष्णात लोक पटाशीची उतरती बाजू लाकडावर टेकवून मगच धार लावतात. तो कोन हातात मुरायला वर्षे जातात. शिवाय पोलादाची धार काही मिनिटांत बोथट होते आणि पुन्हा ग्राइंडरपाशी जावे लागते. माझी पटाशी दोनदा लाकडात रुतली. दुसऱ्या वेळी कडुनिंबाचा अर्धवट कातलेला तुकडा सुटून शेडच्या पत्र्यावर आदळला. तो पोचा अजून तसाच आहे. सौ.ने त्या दिवशी शेडला कुलूप लावण्याची भाषा केली.

मार्ग दाखवला तो नागापूरच्या एमआयडीसीतील एका जुन्या कर्जदाराने. त्याचे धातूचे जॉब करण्याचे वर्कशॉप आहे. तो म्हणाला, ‘‘साहेब, धार लावता येत नाही ना? मग धार लावायचीच नाही असे हत्यार घ्या.’’ त्याने पुढे केलेला नखाएवढा तुकडा कार्बाइडचा होता. वर्कशॉपमधले जुने कारागीर त्याला अजूनही विडिया म्हणतात. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाची पूड कोबाल्टच्या साहाय्याने दाबून आणि भट्टीत तापवून हा पदार्थ घडवतात. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. मूळ जर्मन शब्दांचा अर्थ ‘हिऱ्यासारखे’. लोखंड कापण्याच्या कामात रुळलेली वस्तू. लाकूडवाल्यांनी ती पुष्कळ उशिरा उचलली.

त्याने दिलेली पहिली टिप मी चौकोनी लोखंडी सळीच्या टोकाला स्क्रूने बसवली. ती लाकूड कापीना, नुसती घासत राहिली. कारण साधे होते. पोलादासाठीच्या टिपेची कड तुटू नये म्हणून ती मुद्दाम किंचित बोथट केलेली असते आणि वर लेप असतो. अ‍ॅल्युमिनियमसाठीची टिप लेपाविना, आरशासारखी घासलेली आणि तीक्ष्ण असते. ती लावताच भुशाऐवजी पातळ साली सुटू लागल्या. नंतर मी खास लाकडासाठीच्या टिपा मागवल्या : बाहेरचा आकार काढायला चौकोनी आणि आतली पोकळी काढायला गोल. हत्यार आधारावर सपाट ठेवायचे, धार लाकडाच्या मध्यबिंदूच्या उंचीवर धरायची आणि सरळ आत सारायचे. चौकोनीची एक बाजू झिजली की स्क्रू ढिला करून दुसरी बाजू पुढे घ्यायची. एका टिपेला चार मुदती, असे मी म्हणतो.

तक्रारही नोंदवून ठेवतो. कार्बाइड लाकूड खरवडते, पटाशीसारखे कापत नाही. तंतूंची टोके जेथे समोर येतात तेथे पृष्ठभाग उचकटतो आणि मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ३२० पर्यंत चढत जावे लागते. ती धूळ फुप्फुसांना वाईट. मी चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि नाकातोंडावर मास्क बांधतो, हातमोजे आणि सैल बाह्या मात्र लेथपाशी कटाक्षाने टाळतो. त्या गुंडाळल्या गेल्या तर हात जाईल.

लाकूड मिळाले ते वळवाच्या वादळात आमच्या गल्लीत पडलेल्या कडुनिंबाचे. झाड मी पाडले नाही, एवढ्यावर मी मनाचे समाधान केले. एका ओंडक्याच्या सालीत भोके आणि खाली पिठासारखी पूड दिसली. आत जीव आहेत हे कळल्यावर तो सावलीत तसाच ठेवून दिला. ओले लाकूड कातायला मऊ, पण वाळताना वाकते आणि तडकते. म्हणून प्रथम ते जाड कातायचे. व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत ठेवायची. नंतर कागदी पिशवीत घालून वाळू द्यायचे. दर रविवारी मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून जुन्या खतावणीत नोंद करीत असे. सलग तीन रविवारी वजन सारखे आले तेव्हा पाच महिने झाले होते. मग पुन्हा लेथवर चढवून भिंत पातळ केली. झोळीतून पायी वाहून न्यायची वस्तू आहे, एकेक तोळा उतरवायला हवा, हा विचार मनात सतत होता.

खरी अडचण शेवटी आली. लाकडाला लावायचे काय? सावंतवाडीच्या चितार आळीत मी लाखेचे काम पाहिले आहे. फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि लाकूड आरशासारखे चमकते. पाहत राहावे असे ते काम. पण प्रतिक्रमणात आपण जी पंधरा कर्मादाने आठवतो, त्यांत वनकर्म आहे, तसे लक्खवाणिज्जे म्हणजे लाखेचा व्यापारही आहे. लाख हा कीटकांचा स्राव. ती खरवडताना असंख्य जीव जातात. मी व्यापार करीत नव्हतो हे खरे, तरी हात पुढे होईना. चपडा म्हणजे पुन्हा लाखच. मेण मधमाशांचे. राहता राहिले जवसाचे तेल. त्याचा अगदी पातळ हात द्यायचा, पुसून काढायचा आणि वाळायला दिवसच्या दिवस थांबायचे. असे सात हात दिले. येथे एक सावधगिरी सांगतो : या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. मोकळ्या जागी पसरून वाळवावी.

गेल्या माघात त्याच महासतीजी विहार करीत भिंगारला आल्या आणि दोन दिवस स्थानकात थांबल्या. मी पात्र स्वच्छ फडक्यात घेऊन गेलो. ‘मत्थएण वंदामि’ म्हटले; ‘दया पाळो’ असे उत्तर आले. मी पात्र पुढे ठेवून म्हटले, ‘‘महाराज साहेब, हे आपल्या उपयोगी पडेल.’’ त्यांनी ते हातात घेतले, काठावरून बोट फिरवले, वजन पाहिले.

‘‘हलके आहे. श्रावकजी, हे कोणासाठी केले?’’

पस्तीस वर्षे हाच प्रश्न मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने विचारला होता. कर्ज कशासाठी हवे? कर्जदाराची नजर छताकडे गेली की पुढचे उत्तर कसे असणार ते मला कळत असे. माझी नजर त्या दिवशी छताकडे गेली.

‘‘आपल्यासाठीच,’’ मी म्हणालो. ‘‘पात्राला चीर गेलेली पाहिली होती.’’

त्यांनी पात्र हळूच फडक्यावर ठेवले. ‘‘मग हे आम्हांला असूझते झाले. लाकूड कापले, यंत्र फिरले, ते सारे आमच्या नावावर लागेल. आपला भाव चांगला होता. भावाला ना नाही.’’ जवळ बसलेल्या लहान महासतीजींनी विचारले, ‘‘घरासाठी केले असते तर?’’ मोठ्या महासतीजी हसल्या. ‘‘घरासाठी केलेले असेल तर तेव्हाचे तेव्हा पाहू. पण घरासाठी म्हणजे घरासाठी.’’

निरनिराळ्या संघांच्या सामाचारीत फरक असतो; मी माझ्यापुरते घडले ते सांगतो आहे. परतताना मला प्रथम वाईट वाटले, मग थोडा राग आला, तोही खोटे न बोलता लिहितो. दहा महिन्यांचे काम होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर एक युक्ती सुचली : पुढचे पात्र घरासाठी म्हणून करावे, चार दिवस त्यात काही ठेवावे आणि मग संत आले की पुढे करावे. क्षणभर ती युक्ती बिनतोड वाटली. मग ओळख पटली. ३१ मार्चला ठेवी फुगवून दाखवायच्या आणि १ एप्रिलला परत द्यायच्या, याला आम्ही विंडो ड्रेसिंग म्हणत असू. त्यासाठी मी कनिष्ठांना मेमो दिलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने मला न विचारता त्या पात्रात बडीशेप भरली. आता ते दिवाणखान्यात असते. पाहुणे उचलून पाहतात, हलके आहे म्हणतात.

सध्या लेथवर बाभळीचा मोठा तुकडा आहे. आतला गाभा लालसर आणि फार कठीण, चौकोनी टिपेच्या दोन मुदती त्याने एका दुपारी संपवल्या. फुलके ठेवायला एक मोठे वाडगे हवे, असे सौ.नेच सांगितले होते. तरी ती अधूनमधून शेडच्या दाराशी येते, लेथ थांबेपर्यंत उभी राहते आणि विचारते, ‘‘हे कोणासाठी?’’ ‘‘फुलक्यांसाठी,’’ मी सांगतो. ती क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहते आणि आत जाते.