पिशवीचा हिशेब

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातली गावं ओस पडायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, कुठंही जा, ट्रक-ट्रॅक्टरवर संसार चढलेला दिसतो. भांडी, सरपण, शेळ्या, कोंबड्या आणि त्यातच लेकरं. नऊ दिवस जिनं घरात घट बसवला, माळा घातल्या, उपवास धरले, ती बाई हातात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या वाटेला लागते.

घट म्हणजे तरी काय? वावरातली काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य आणि मधोमध पाण्यानं भरलेलं मातीचं भांडं. जाणती माणसं सांगतात, ही कुशीचीच पूजा आहे. देवाच्या गाभाऱ्यालाही आपण गर्भगृहच म्हणतो. मात्र बाईच्या खऱ्याखुऱ्या गर्भाशयाला आपल्याकडं नाव आहे ‘पिशवी’. नावातच सगळं आलं. पिशवी जुनी झाली, फाटली, की टाकून द्यायची!

२०१९ साली हा विषय देशभर गाजला. त्या वर्षी जूनमध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. देशाचा २०१५-१६ चा आकडा शंभरात तीनच्या आसपास होता. आपल्याकडं तो सतराच्या घरात!

हे आकडे वाचून शहरातल्या बायका म्हणतात, ‘अडाणी आहेत बिचाऱ्या.’ मला हे पटत नाही. ही बाई अडाणी नाही, तिचा हिशेब चोख आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांच्या नावावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, तो दिवसाला पाचशे रुपये आणि त्याहूनही जास्त. फडात ना न्हाणीघर, ना आडोसा, ना पुरेसं पाणी. पहाटे उठून भाकरी थापायच्या, दिवसभर वाकून ऊस तोडायचा आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेली फळी चढायची. पाळी आली तरी हेच. कपडा बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, म्हणून जंतुसंसर्ग होतो. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. दवाखान्यात गेलं की कुणीतरी कॅन्सरची भीती घालतो आणि पिशवी काढायचा सल्ला देतो. तीस-पस्तीस हजारांचं ऑपरेशन, त्यासाठी पुन्हा उचल. तिला वाटतं, एकदाची कटकट गेली. तिची बेरीज बरोबरच असते, तिच्यापुढं मांडलेलं गणितच खोटं असतं.

आता आपल्या घरातलं बोलू. कारण ‘लेकरं झाली, आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय?’ हे वाक्य काही मुकादमाचं नाही. ते सासूचं, जावेचं, शेजारणीचं, आपलंच आहे. फडात विटाळ कुणी पाळत नाही, तिथं खाडा असतो. गावात खाडा नसतो, तर विटाळ असतो! बाईनं महिन्याचे चार दिवस कुठं आणि कसे काढायचे, याचं उत्तर ना कारखान्याकडं आहे ना देवघराकडं. मग पिशवीच नको, असं तिला वाटलं तर नवल काय? आपण तरी काय करतो? नवरात्र किंवा घरचं लग्न आलं, की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या डॉक्टरला न विचारता खातो. सोयराबाईंनी विटाळावर प्रश्न केला त्याला सहा-सातशे वर्षं झाली. ज्यातून देह घडला तोच अमंगळ कसा, हा त्यांचा सवाल होता. आपण त्यांचे अभंग गातो आणि उत्तर टाळतो. माझी देवावर श्रद्धा आहे. म्हणूनच मला वाटतं, कूस घडवणाऱ्याला तिची शिसारी येत नसणार. ती आपली आपण तयार केली आहे.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं निघाली. चांगलंच आहे. पण परवानगीचा कागद बीडमध्ये मिळतो आणि दुखणं फडात सुरू होतं. फडाजवळ पाणी आणि संडास-न्हाणीघर हवं. पाळीच्या दिवसांत खाडा नको. तोडीच्या पाच-सहा महिन्यांत सिस्टरनं टोळीपर्यंत पोचायला हवं. मतं मागायला लोक फडापर्यंत येतात, मग गोळ्या-औषधं का पोचत नाहीत?

आणि सरकार जागं होईपर्यंत आपण काय करायचं? मैत्रिणींनो, थोडं तरी नक्की करू शकतो. घरातल्या, गल्लीतल्या, शेतावरच्या बाईला सांगू शकतो, की अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेक वेळा ते औषधानं बरं होतं. कुणी पिशवी काढायला सांगितलं तर लगेच हो म्हणू नको. आधी सरकारी दवाखान्यात, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दुसऱ्या डॉक्टरला दाखव. गरज असेल तर ऑपरेशन करावंच लागतं, त्याला ना नाही. पण पिशवीबरोबर अंडाशयंही काढणार का, हे विचार. ती तरुणपणी काढली तर हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, हृदयालाही धोका वाढतो. अशी बाई मग कोयता तरी किती वर्षं धरणार?

सोबत जाऊन दवाखान्यात बसायला आपला एक दिवस जाईल. जाऊ द्या. त्या दिवसाचा आपल्याला कुणी खाडा लावत नाही.