ट्रॅक्टर उंच करण्यापूर्वी

कपाशी व तूर कमरेवर गेली की तालुक्याच्या गावातील दुरुस्तीच्या दुकानांपुढे ट्रॅक्टर उभे राहू लागतात. मागे मोठ्या रिमचे उंच व अरुंद टायर, पुढच्या आखावर लोखंडी ठोकळे, आणि ट्रॅक्टर अर्धी वीत वर! उभ्या पिकातून फवारणी करता यावी व चिखलात चाक रुतू नये, हा त्यातील हेतू. हेतू चांगला आहे. परंतु उपाय चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते शेतकरी बंधूंपुढे न संकोचता मांडावे.

प्रथम शेतकऱ्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. तोंडापर्यंत आलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन औषध मारणे हे जिवावरचे काम आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती आठवण ज्यांच्या मनात ताजी आहे त्यांनी ट्रॅक्टरवरील पंपाकडे वळावे, यात गैर काही नाही. मात्र एका संकटातून सुटताना दुसऱ्यात पाऊल पडू नये, एवढ्याचसाठी हा लेख.

मोठे चाक म्हणजे सुखाचे चाक, ही समजूत आपल्याकडे बैलगाडीपासून चालत आली आहे, आणि गाडीपुरती ती खरीही आहे. मोठ्या व्यासाचे चाक खाचखळग्यांतून सहज निघते. पण गाडीचे चाक बैल ओढतात; ट्रॅक्टरचे मागचे चाक इंजिन फिरविते. इंजिनाचा जोर तोच ठेवून चाक मोठे केले की जमिनीवर मिळणारी ओढ कमी होते. हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

हिशेब करून पाहू. मागच्या टायरचा व्यास 130 सेंटिमीटर आहे व तो बदलून 150 सेंटिमीटरचा बसविला असे समजा. व्यास 20 सेंटिमीटरने वाढला, तरी ट्रॅक्टर निम्माच, म्हणजे 10 सेंटिमीटर वर उचलला जातो. चार-पाच फूट उंचीच्या पिकापुढे या 10 सेंटिमीटरची मातब्बरी ती काय? झाडे पूर्वी वाकत होती, तशीच आताही ट्रॅक्टरच्या पोटाखाली वाकणार. उलट त्याच गियरमध्ये व इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांवर चाल सुमारे 15 टक्क्यांनी वाढते आणि ओढ 13 टक्क्यांनी घटते. ज्या फवारणीत एकरी 200 लिटर पाणी पडत होते, तेथे आता 173 लिटरच पडते. शेतकऱ्याला याचा पत्ता लागत नाही. अळी मरत नाही, तेव्हा तो औषध वाईट म्हणतो व पुढच्या खेपेस मात्रा वाढवितो.

याहून गंभीर गोष्ट तोलाची आहे. ट्रॅक्टर बाजूला कलंडतो की नाही, हे चाकांमधील अंतर व गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची यांवर ठरते. चाकांत 140 सेंटिमीटर अंतर व गुरुत्वमध्य 75 सेंटिमीटरवर असेल, तर उभा ट्रॅक्टर कागदावर सुमारे 43 अंशांच्या आडव्या उतारावर कलंडतो. तोच 10 सेंटिमीटरने उंच केला आणि पिकाच्या ओळींत बसावा म्हणून चाके आत घेऊन अंतर 120 वर आणले, की हा कोन 35 अंशांवर येतो. प्रत्यक्षात तो याहूनही कमी असतो. पुढचा आख मधल्या खिळीवर हलता असतो, वर बसविलेल्या टाकीतील पाणी अर्धे झाले की हिंदकळते, आणि एक चाक बांधावर व दुसरे चरात असा प्रसंग आपल्या शेतांत रोजचाच आहे.

ऑस्ट्रेलियातील शेतांवर ट्रॅक्टराऐवजी लहान चौचाकी मोटारी फार वापरल्या जातात. अशा गाड्यांना उंची वाढविण्याचे संच व मोठे टायर बसविण्याची हौस पुष्कळ देशांत आहे. या गाड्या उलटून इतके शेतकरी त्यांच्याखाली सापडले, की ऑस्ट्रेलियाच्या सरकारला 2019 साली त्यांच्याकरिता सुरक्षेचा दंडक घालावा लागला. 11 ऑक्टोबर 2021 पासून तेथे शेतकामाची नवी चौचाकी विकावयाची, तर ती आडव्या कलाच्या चाचणीत किमान 28.81 अंशांपर्यंत टिकली पाहिजे, व चालकाच्या रक्षणाची चौकट तिला असली पाहिजे. कारखान्याने अंश-अंश मोजून दिलेला असा तोल दुकानात घटकाभरात मोडता येतो.

चारही चाकांना जोर देणाऱ्या ट्रॅक्टरांत आणखी एक घोटाळा होतो. पुढच्या व मागच्या टायरांचे प्रमाण गियरच्या दात्यांशी जुळवून ठरविलेले असते. केवळ मागचे टायर मोठे केले, की पुढची व मागची चाके एकमेकांशी झगडतात. टायर झिजतात व शेवटी गियर तुटतो. ब्रेकचा जोरही मोठ्या चाकावर कमी पडतो. ट्रॉलीचा हूक उंचावला, की चढावर पुढची चाके हलकी होतात. कायद्याचेही भान ठेवावे. नोंदणीच्या कागदातील तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करण्यास मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ने मनाई आहे, व अपघातानंतर विम्याच्या वेळी तो आड येऊ शकतो.

मग करावे काय? उंची हवी आहे ती फवाऱ्याला. म्हणून फवाऱ्याची दांडी वर घ्यावी, ट्रॅक्टर नव्हे. पेरणीच्या वेळीच चाकांसाठी पट्टे मोकळे सोडावेत. सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरले, तर सरीच चाकाची वाट होते. तुरीचे शेंडे वेळेवर खुडावेत. झाड पसरते व उंची आटोक्यात राहते. पोटाखाली गुळगुळीत पत्रा लावला, तर फांद्या अडकून मोडत नाहीत. याउपरही उंच यंत्राची गरज पडली, तर मुळातच उंच व रुंद घडविलेले फवारणी यंत्र अवजार बँकेतून भाड्याने मिळते का ते पाहावे. चिखलाबद्दल म्हणाल, तर मोठा टायर थोडा उपयोगी पडतो हे खरे. पण काळ्या जमिनीत वाफसा येण्यापूर्वी कोणतेही चाक घालू नये. रुतला नाही तरी तो जमीन दाबून टाकतो, आणि ती कसर पुढच्या पिकात दिसते.

ज्यांनी ट्रॅक्टर आधीच उंच केला आहे, त्यांनी जुने टायर विकून टाकू नयेत. ते परत बसवीपर्यंत शक्य तेथे चाके बाहेर घ्यावीत, चालकावरची चौकट व पट्टा वापरावा, मडगार्डवर कोणालाही बसवू नये, बांध आडवा ओलांडू नये. फवारणीपूर्वी शेतात 100 मीटर अंतर मोजून किती सेकंद लागतात व तितक्या वेळात सर्व तोट्यांतून किती पाणी पडते, हे नव्याने पाहावे. 100 मीटरला फवाऱ्याच्या पट्ट्याच्या रुंदीने गुणले, की तेवढ्या पाण्यात भिजलेले क्षेत्र निघते.