आधाराविना अभिमान पोकळच!

काही महिन्यांपूर्वी एका स्मरणिकेच्या संपादनाचे काम अंगावर आले. आलेल्या लेखांपैकी एकात मेकॉलेचे ते सर्वपरिचित ‘वचन’ होते. आपण भारतभर हिंडलो, पण एकही भिकारी वा चोर दिसला नाही. या देशाला जिंकायचे तर त्याची शिक्षणपद्धतीच मोडली पाहिजे, अशा आशयाचे. खाली संदर्भही होता : ‘ब्रिटिश पार्लमेंटमधील भाषण, २ फेब्रुवारी १८३५.’ लेखकमहाशयांना दूरध्वनी करून विचारले, “हे आपण कोठून घेतले?” उत्तर आले, “अहो, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे!”

सर्वांना ठाऊक असलेली ही गोष्ट खोटी आहे. मेकॉले जून १८३४ मध्ये भारतात उतरला होता. २ फेब्रुवारी १८३५ या दिवशी तो लंडनच्या पार्लमेंटमध्ये नव्हे, तर कलकत्त्यात होता आणि त्या दिवसाचे त्याचे शिक्षणविषयक टिपण प्रसिद्ध आहे. युरोपातील चांगल्या ग्रंथालयाच्या एका फळीपुढे भारताचे आणि अरबस्तानचे सारे वाङ्मय फिके आहे, असा उद्दाम अभिप्राय त्याने त्यात नोंदवला. रक्ताने भारतीय, पण अभिरुचीने आणि विचाराने इंग्रज असा वर्ग घडवण्याचा मनोदयही त्यातच आहे. मेकॉलेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यास एवढा अस्सल पुरावा पुरेसा नाही काय? मग बनावट पुराव्याची गरज का भासावी? खोटा साक्षीदार उभा केला की खरा खटलाही हरतो, हे साधे व्यवहारज्ञान आपण विसरतो. प्रतिपक्षाला मग आपल्या युक्तिवादाचे खंडन करावे लागत नाही. एक तारीख दाखवली की त्याचे काम भागते.

आकार आहे, आशय नाही

हा दोष केवळ हौशी लेखकांचा नाही. विद्यापीठांतही संदर्भ म्हणजे प्रबंधाच्या शेवटी जोडायचे शेपूट झाले आहे. आडनाव आधी की नाव आधी, वर्ष कंसात की शेवटी, स्वल्पविराम की पूर्णविराम, यावर मार्गदर्शक आणि विद्यार्थी तासन् तास घालवतात. शिस्त हवीच, तिच्यावाचून वाचकाला मूळ ग्रंथापर्यंत पोहोचता येत नाही. परंतु त्या सूचीतील ग्रंथ विद्यार्थ्याने उघडून पाहिला आहे काय, हा प्रश्न किती मौखिक परीक्षांत विचारला जातो? दुसऱ्याच्या पुस्तकातील तळटिपा उचलून आपल्या नावावर खपवणे ही चोरी आहे, असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा. चाळीस ते साठ टक्क्यांना एक वर्षाची बंदी. त्यापुढे नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य ज्ञान वा योगायोगाचे साम्य मोजायचे नाही, इतका बारकावा त्यात आहे. हेतू स्तुत्य आहे. पण यंत्र शब्दांचे साम्य मोजते, सत्य मोजत नाही. इंग्रजी ग्रंथातील प्रकरण मराठीत उतरवून आपले म्हणून छापले, तर शब्दाशी शब्द जुळवणाऱ्या यंत्राला ते सहजासहजी सापडत नाही. ज्या पानावर ती गोष्ट नाहीच, त्या पानाचा क्रमांक दिला तर यंत्राला काय कळणार? परिणामी ‘टक्केवारी खाली आणून देतो’ म्हणणाऱ्यांचा धंदा मात्र तेजीत येतो.

आता संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने कळस केला आहे. तिला संदर्भ मागितले, तर अस्तित्वातच नसलेले ग्रंथ ती निर्दोष मांडणीत पुरवू शकते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला पाच हजार डॉलर दंड केला, तो याच कारणासाठी. त्यांनी सादर केलेले न्यायनिवाडे कधी झालेलेच नव्हते! केवळ स्वल्पविराम तपासणाऱ्या परीक्षकाला असा संदर्भ अगदी शुद्धच वाटेल.

परंपरा आपलीच

संदर्भ देणे ही पाश्चात्त्यांची आयात आहे, असे म्हणून काहीजण सुटका करून घेतात. त्यांनी पाणिनीकडे पाहावे. शाकटायन, गार्ग्य, शाकल्य आदी दहा पूर्वाचार्यांचा तो सूत्रांत नामोल्लेख करतो. तोही अशा ग्रंथात, जिथे एकेका मात्रेची काटकसर आहे. मूळ आधाराशिवाय काही लिहिणार नाही, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा आपण अभिमानाने सांगतो. पण पाळतो किती?

दूर कशाला, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. १९१९ मध्ये आरंभ झालेले ते कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. बाराशे एकोणसाठ हस्तलिखितांचा आधार घेतला गेला. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मलयाळम् लिपीपर्यंत कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे, ते प्रत्येक पानाच्या तळाशी नोंदलेले आहे. जेथे पाठाची पुरेशी निश्चिती नाही, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढलेली आहे. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांसारखा पंडित ‘येथे माझी खात्री नाही’ असे छापून सांगतो, आणि आपण मात्र ऐकीव गोष्टही ठणकावून सांगतो!

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. कागद समोर ठेवा, मग बोला, हा त्यांचा धडा. आज मात्र ‘बखरीत म्हटले आहे’ एवढ्यावर भागते. कोणत्या बखरीत? सभासद हा शिवछत्रपतींच्या काळातला माणूस. त्याची बखर महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत लिहिली गेली. चिटणिसांची बखर त्यानंतर शतकाहून अधिक काळाने आली. दोघांच्या साक्षीचे मोल सारखे कसे असेल? म्हणूनच लेखक, ग्रंथ, आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठ हे तपशील लागतात. शक आणि इसवी सन यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अंतर आहे; कोणती कालगणना वापरली ते सांगितले नाही, तर आजोबा आणि नातू समकालीन ठरायचे!

एवढे तरी करूया

यासाठी कोणत्याही आयोगाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. स्वतः न पाहिलेल्या ग्रंथाचा संदर्भ पाहिल्यासारखा देऊ नये. तो दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतला असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. अवतरणचिन्हात घातलेला शब्द मूळातून ताडून घ्यावा. आधार मिळाला नाही, तर ते वाक्य कितीही आवडले तरी गाळावे. बौद्धिक वर्गात वा घरी मुलांशी बोलताना ‘असे म्हणतात’ येताच कोणीतरी ‘कोण म्हणतात?’ असे विचारावे, आणि विचारणाऱ्याला श्रद्धाहीन न मानता धन्यवाद द्यावेत.

त्या स्मरणिकेतील लेखाचे पुढे काय झाले? बनावट वचन काढले, मेकॉलेच्या अस्सल टिपणाचा आधार घातला आणि लेख छापला. लेखकमहाशय काही दिवस रुष्ट होते. नंतर त्यांनीच कळवले की, एका चर्चेत मेकॉलेच्या समर्थकाने आव्हान दिले, तेव्हा त्यांना मूळ टिपण पुढे ठेवता आले. समोरच्याला बोलायला जागाच उरली नाही.

आपल्या पूर्वजांचा वारसा थोर आहे. त्याला असत्याची टेकू लागत नाही. त्याला हवे आहेत पोथी उघडून पान तपासणारे वारस.