गाडी तिसऱ्यांदा फोडली, आणि कागदावर काय? काहीच नाही!

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, पण ज्यांची गाडी रात्री दाराबाहेर उभी असते त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपट्यात सध्या कुणाच्याही ओट्यावर बसा, पाऊसपाणी झालं की दुसरा विषय हाच. ह्याची काच फोडली, त्याची बॅटरी नेली, कुणाच्या बाईकची नळी कापून पेट्रोल काढलं. आणि डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी परत त्याच दारातली, तीच गाडी. लोक म्हणतात नशीब खराब. नशिबाचा काय संबंध? चोर एकदा येऊन सगळं बघून गेलेला असतो. कुत्रं भुंकतं का, दिवा कुठे लागतो, मालगाडी धडधडत जाते तेव्हा काचेचा आवाज घरात पोचतो का. त्यात तुम्ही उसनवारी करून नवी बॅटरी बसवलेली असते. त्याच्या हिशोबाने माल परत भरला गेला. तो दुसरीकडे कशाला जाईल?

आता विचारा, तक्रार केली का? दहातले बहुतेक जण मान हलवतात. पाताळगंगा एमआयडीसीतली पहिली पाळी चुकवायची, अर्धा दिवस ठाण्यात बसायचं, तेही सातशे रुपयांच्या ऐवजासाठी? शिवाय विमा. चारचाकीचा क्लेम घेतला की नो क्लेम बोनस गेला. पाच वर्षं क्लेम न घेता स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत मिळवलेली सवलत एका काचेपायी शून्यावर. दुचाकीवाल्याला तर साध्या पॉलिसीत गाडी शाबूत राहून नुसती अ‍ॅक्सेसरी चोरीला गेली तर काहीच मिळत नाही. मग माणूस काय करतो? शिव्या घालतो, काच बसवतो, गप्प बसतो. माझं म्हणणं सरळ आहे. ह्या गप्प बसण्यावरच हा धंदा चालतो. दहा घरं फुटली आणि कागदावर एकच आली, तर वरच्या साहेबाच्या लेखी आपल्या गावात एकच चोरी झाली. मग रात्रीची गस्त इकडे कशाला वळेल?

जे जातात त्यांना काय कागद मिळतो, तेही बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण एक पोटवाक्य आहे. माल ५,००० रुपयांच्या आतला असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर फक्त समाजसेवेची शिक्षा. आणि हा प्रकार अदखलपात्र. अदखलपात्र म्हणजे एनसी. एनसीत मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणजे हेल्मेट, पेट्रोल, जुनी बॅटरी ह्या सगळ्याला एक पावती मिळायची आणि विषय संपायचा.

हेतू चांगला असेल. भुकेपोटी काहीतरी उचललेल्या पोराला तुरुंगात टाकू नये, हे मलाही मान्य आहे. पण चोर कोण तेच माहीत नसताना तो पहिल्यांदाच दोषी ठरतोय हे कुणी ठरवलं? ती सवलत कोर्टात आरोपी उभा राहिल्यावरची. माझ्या मते अनोळखी चोराच्या बाबतीत आधी गुन्हा नोंदवायला हवा, सवलतीचं पुढे कोर्ट बघेल. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलंय.

दुसरं, रिक्षा, टेम्पो, स्कूलव्हॅन चालवणाऱ्या भावांनो, कलम ३०५ लक्षात ठेवा. माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातून वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे पाच हजारांची ती सवलत नाही. तक्रार सांगताना "गाडीतून चोरी झाली" एवढंच सांगू नका, गाडी कशासाठी वापरता तेही सांगा. काचेचं, लॉकचं नुकसान वेगळं लिहायला लावा. सातशेच्या मालासाठी चोराने सात हजारांची काच फोडलेली असते, आणि कागदावर फक्त सातशे येतात!

इको गाडीचंच घ्या ना. मागच्या काही वर्षांत पुणे, ठाणे, नवी मुंबईपासून गुजरातपर्यंत इकोचे सायलेन्सर रातोरात गायब झाले. लोकांना कळेना, हे लोखंड घेऊन कोण श्रीमंत होणार? आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. मार्च २०२२ मध्ये पॅलेडियमचा जागतिक भाव औंसाला ३,००० डॉलरच्या वर गेला होता. त्याची झळ दारात इको लावून झोपणाऱ्या ड्रायव्हरला. पोलिसांनी ह्या प्रकरणांत टोळ्या पकडल्या, कारण तक्रारींचे कागद होते. एकाच पद्धतीच्या चोऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघता आल्या. आणि विकत घेणारा होता म्हणून चोर होता, हे विसरू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३१७. स्वस्तात "जुनी पण चांगली" बॅटरी घेणाऱ्या आपल्याच माणसांनीही जरा विचार करावा.

आता गावात एक बोलणं सुरू झालंय, त्याबद्दल स्पष्ट लिहितो. "काठ्या घेऊन रात्री बसू, सापडला की फोडू." आणि संशय कुणावर? पहिला कातकरी वाडीवर, मग भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांवर. पुरावा काय, तर काही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असाच गेला. तिथेही चोर आल्याच्या अफवा होत्या, लोक रात्रीचा पहारा देत होते. ती गावं काही राक्षसांची नव्हती हो. आपल्यासारखीच, चिडलेली आणि घाबरलेली. आपल्याला सातशे रुपयांची बॅटरी वाचवताना कुणाचा जीव घ्यायचाय का?

गस्त घाला, जरूर घाला. पण पोलीस पाटलांना आणि ठाण्याला सांगून, नावांची यादी देऊन, ग्रामसुरक्षा दल म्हणून. कुणी सापडलाच तर ११२ ला फोन. खाजगी माणसाने पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, आणि काही झालं तरी सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं असतं, असं नव्या कायद्यात लिहिलंय. पुणे, नगर, नाशिक भागांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. एक फोन केला की नोंदणी असलेल्या सगळ्या गावाच्या मोबाईलवर तोच आवाज जातो. आपल्याकडे का होऊ नये? फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्जत-आपटा एसटीत बॉम्ब सापडला तेव्हा एक बेवारस पिशवी वेळेत कुणाच्या तरी नजरेत भरली म्हणून गाव वाचलं. तिथे काठी लागली नव्हती.

कॅमेऱ्यांचं थोडक्यात. आपल्याकडचे निम्मे कॅमेरे अंगणातली तुळस दाखवतात, रस्ता दाखवत नाहीत. रेकॉर्डिंग आठ-पंधरा दिवसांत पुसलं जातं, तेव्हा चोरी झाली त्याच सकाळी कॉपी काढा. डीव्हीआर पुसू नका, कोर्टात कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

ठाण्यात जायला जमत नसेल तर तक्रार ऑनलाइन पाठवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. गाडी पनवेल स्टेशनबाहेर फुटली असेल तर हद्द नवी मुंबईची, आपण रायगड पोलिसांकडचे. तरीही झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते. नकार दिला तर तीच तक्रार पोस्टाने एसपी साहेबांना.

येत्या ग्रामसभेत दोन विषय लेखी मांडणार आहे. स्टेशन रस्त्यावरचे आणि गावठाणातले बंद दिवे, आणि गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर कॅमेरे. नुसत्या तोंडी गाऱ्हाण्याचा ठराव होत नाही. ज्यांची गाडी फुटली त्यांनी तारीख, जागा, काय गेलं, काच-लॉकचा खर्च किती आला एवढं एका कागदावर लिहून द्या. एनसीची पावती असेल तर तिची झेरॉक्स जोडा. जुन्या चोऱ्याही चालतील. संध्याकाळी सातनंतर मी घरी असतो.