पथ्य आणि परहेज

मराठीत आपण 'पथ्य' म्हणतो, उर्दूत 'परहेज'. शब्दकोशात दोन्ही समोरासमोर बसवलेले असतात. वर्गात दोन्ही भाषा शिकवताना मला मात्र त्यांतला फरक दरवेळी जाणवतो. परहेज फारसीतून आला. अर्थ टाळणे, लांब राहणे. गुनाहपासून लांब राहणाऱ्याला आपण परहेजगार म्हणतो ते त्यामुळेच. पथ्य आला 'पथ'वरून. वाटेवर चालणाऱ्याला जे मानवते ते पथ्य. शुगरच्या पेशंटला आपल्याकडे नुसता परहेज सांगितला जातो. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, केळी बंद. जळगाव जिल्ह्यात राहून केळी बंद! मग मानवेल काय, आणि ते घरात जमवायचे कसे, हे सांगायला कोणापाशी वेळ नसतो.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याची आई एक कागद घेऊन शाळेत आली. "मॅडम, इसमें क्या लिक्खा है, जरा पढ के बताओ." इंग्रजीत छापलेला आहाराचा तक्ता होता. ओट्स, ब्राउन राइस, सॅलड, साय काढलेले दूध. ही बाई घरी शिलाई करते. सासू, नवरा, मुले जेवली की उरलेले ती जेवते, बहुतेकदा दुपारी तीननंतर. गोळी सकाळीच घेतलेली असते. दुपारी हातपाय कापतात, घाम फुटतो. ती त्याला कमजोरी म्हणते. तिच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होती. ही गोळी घेऊन उपाशी राहिले की साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. "तुम्ही जेवता किती वाजता?" एवढा एक प्रश्न तिला कोणी विचारला असता, तर त्या ओट्सपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

हा प्रश्न डॉक्टरच विचारतील अशी अपेक्षा मी आता ठेवत नाही. आयसीएमआरच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर. ओपीडीत बाहेर चाळीस माणसे बसलेली असताना आत कोण कोणाचे जेवण विचारणार? हे काम सिस्टरचे आहे. तिने पेशंटला समोर बसवावे, त्याच्या घराची, कामाच्या वेळेची, खाण्याची चौकशी करावी आणि त्या एकट्यापुरते पथ्य ठरवून द्यावे. पुढच्या खेपेला काय जमले, काय नाही, ते विचारावे. सामान्य आजारांच्या पेशंटकडे डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित नर्सने पाहिले तर काय होते, याची जगभरातल्या प्रयोगांवरून कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये समीक्षा केली होती. परिणाम डॉक्टरांच्या बरोबरीचे किंवा किंचित बरेच दिसले, आणि नर्सने पेशंटला वेळही जास्त दिला. मला त्यातला वेळ महत्त्वाचा वाटतो.

कारण दोन पेशंट सारखे नसतात. "मी तर सुकडा, मला कशी होईल शुगर?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे हेच दाखवून दिले की दिसायला बारीक असलेल्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी मात्र जास्त असू शकते. अशा माणसाला "वजन कमी करा" हा छापील सल्ला काय कामाचा? तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तरुणाला सातच्या आत ठेवायला सांगतात; सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या दादीला तेवढी ओढाताण झेपणार नाही, तिला थोडी ढील द्यावी लागते. ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी, वांग्याचे भरीत हे सगळे खान्देशात पूर्वीपासून आहे, फक्त भरितातले तेल मोजायला शिकवायचे. (तेल-तुपाचा विषय निघाला की मला हसू येते. आज जगभर सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी विप्रो १९४५ मध्ये आपल्या अमळनेरातच सुरू झाली, ती वनस्पती तूप बनवायला.)

आता पायांचे. शुगर जुनी झाली की पायांची जाण जाते. खडा टोचला, फोड आला, चटका बसला, कळत नाही. जखम चिघळते आणि अंगठ्यापासून सुरू झालेले प्रकरण पाय कापण्यापर्यंत जाते. रोज पाय तपासा, असे प्रत्येक माहितीपत्रकात असते आणि कोणी तपासत नाही. पण नमाजी माणूस वुजूच्या वेळी पाय धुतोच, बोटांमध्ये खिलालही करतो. दिवसातून पाच वेळा! सिस्टरने फक्त एवढे जोडून द्यायचे: धुताना तळवा नीट बघा, दिसत नसेल तर घरातल्या कोणाला दाखवा, आणि बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करा, कारण ओल राहिली की तिथेच बुरशी धरते. थंडीत गरम पाणी थेट पायावर घेऊ नका, आधी कोपर बुडवून बघा. मे महिन्यात मशिदीच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी जाऊ नका. कोणत्याही छापील तक्त्यात हे मिळणार नाही, कारण तक्ता लिहिणाऱ्याने समोरचा माणूस पाहिलेलाच नसतो. त्याच मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, लाइट जाते आणि ज्याच्याकडे फ्रीज नाही तो इन्सुलिन कुठे ठेवणार? वापरातली बाटली छोट्या डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवली तर बरीच निभावते. आपल्या नानी-दादींना माठाचे शास्त्र सांगावे लागत नाही.

रमजानमध्ये हे सगळे एकदम अंगावर येते. तेरा देशांतल्या मुस्लिम पेशंटांची जी मोठी पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात टाइप टू मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते. म्हणजे "रोजे ठेवू नका" एवढे म्हणून विषय मिटत नाही. पेशंट मान डोलावतो, घरी येतो, रोजा ठेवतो आणि कोणती गोळी सेहरीला, कोणती इफ्तारला, ते स्वतःच ठरवतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या मार्गदर्शनानुसार रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी पेशंटची तपासणी व्हावी, त्याचा धोका किती ते ठरावे, गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी बदलून द्याव्यात. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा. बोट टोचून थेंबभर रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हे उलमांनी सांगितलेले आहे. आजाऱ्याला कुराणानेच सवलत दिली आहे. ज्याला पुढेही कधी जमणार नाही त्याला फिदया आहे. हे सिस्टरला माहीत असेल आणि तिने ते अदबीने सांगितले, तर पेशंट लपवाछपवी करणार नाही.

"लोक ऐकतच नाहीत," असे दवाखान्यात नेहमी ऐकू येते. बीएडला आम्हाला शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. साठ मुलांना एकच कागद वाटून नंतर "वर्ग ढ आहे" म्हणणाऱ्या शिक्षकाला आम्ही काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही. दुसरी तक्रार खरी आहे: सिस्टरला वेळ नाही. गावोगावच्या उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली, तिथे नर्सिंग किंवा आयुर्वेद शिकलेले समुदाय आरोग्य अधिकारी नेमले, तिशीपुढच्या सगळ्यांची शुगर तपासायची योजना आली. तपासणी होते, आकडा मोबाइलमध्ये भरला जातो आणि माणूस घरी जातो. आकडे भरण्याचे काम दुसऱ्या कोणाला द्या आणि या लोकांना पेशंटशी बोलायला मोकळे सोडा, ही मागणी आपण पंचायत समितीत, नगरपालिकेत करायला हवी. आतापर्यंत आपण रस्ते, गटारी आणि कब्रस्तानची भिंत एवढेच मागत आलो.

आपल्याकडूनही काही होऊ शकते. सहा-आठ आठवडे आधी म्हणजे रजब महिना. त्या महिन्यातल्या एखाद्या जुम्याला इमामसाहेबांनी दोन वाक्यांत जाहीर करावे की अमुक दिवशी मदरशाच्या खोलीत सिस्टर बसणार आहे, आपापल्या गोळ्यांची पाकिटे घेऊन या. बायकांसाठी वेळ दुपारची ठेवावी, शिलाईचे काम आटोपल्यावर, आणि मधे पडदा असावा. वाचून दाखवायला आम्ही उर्दूचे शिक्षक आहोतच. त्या खोलीत चहा ठेवायचा की नाही, आणि ठेवला तर साखरेचा की बिनसाखरेचा, यावर आमच्या मोहल्ल्यात नक्की वाद होईल. होऊ द्यावा.